भेसळीची खबर

विश्वातली सगळ्यात थंड जागा ताऱ्यांच्या पलीकडे नसून आपल्या प्रयोगशाळेत आहे, असं सर प्रत्येक पाहुण्याला गंभीरपणे सांगत. ते खरंही होतं, पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत. त्यानंतर काचेच्या डबीतला रुबिडियम धातूच्या अणूंचा ढग रोज तापायचा आणि पाठोपाठ सरांचं डोकं.

या ढगाला थर्मामीटर लावता येत नाही. थर्मामीटरच्या उबेनंच ढग खलास होतो. म्हणून सर त्यात सीझियमचे मोजके अणू भेसळ म्हणून सोडत. हे परके अणू ढगात मुरले, की त्यांची धावपळ बघून ढगाचा ताप कळे. तो दुपारीच का चढतो, हे मात्र कळत नव्हतं. शुक्रवारी तपासणी समिती येणार होती. ढग तापलेला दिसला, तर ढग गार करणारं यंत्र शेजारच्या विभागात जाणार होतं. तिथले प्रमुख आतापासूनच दाराची रुंदी मोजून गेले होते.

सरांचा संशय विद्यार्थ्यांवर. कार्टी दुपारी काहीतरी उद्योग करत असणार. तेव्हा त्यांनी आपलीच पद्धत वापरली आणि पोरांच्यात एक परका सोडला. परका म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तीन वर्षं तो सरांच्याच सोफ्यावर पडून नोकरी शोधत होता.

भेसळ ढगात मुरते, तसा मेहुणा दोन दिवसांत मुरला. खबर विचारली, की म्हणे, पोरं गुणाची आहेत. धीर सुटून सर दुपारभर दर दहा मिनिटांनी स्वतःच चौथ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत डोकावून येऊ लागले. ढग आणखी तापला.

गुरुवारी जेवताना मेहुण्यानं तोंड उघडलं.

"भावोजी, रागावू नका. लिफ्ट हलली, की तिच्या लोखंडानं ढग धरून ठेवणाऱ्या तुमच्या चुंबकाचं तंत्र बिघडतं. लिफ्ट वापरता तुम्ही एकटे, तीही दुपारभर. सकाळी खाली तास घेता, तेवढा वेळ ढग सुखात असतो."

"हे कोणाकोणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना. शिपाईमामांनासुद्धा."

"मग मला कोणी सांगितलं का नाही?"

"कोण सांगणार? पोरांना पदवी घ्यायचीय. माझं काय, सोफा ताईचा आहे."

शुक्रवारी सरांनी स्वतःच्या हातानं लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी लावली. समितीचे अध्यक्ष धापा टाकत चार मजले चढले. ढग दुपारीसुद्धा थंडगार राहिला. यंत्र वाचलं.

अहवालात प्रयोगाबद्दल एक ओळ होती आणि जिन्याबद्दल दीड पान. महिन्याभरात प्रयोगशाळेच्या भिंतीला लागून नवी, दुप्पट मोठी लिफ्ट बसली.