नियमाप्रमाणे चकाकलेला माणूस

नियम पाळावेत तर माझ्यासारखे! हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. लोकांनी म्हणायला सुरुवात करावी म्हणून आधी मी म्हणतो, एवढंच.

मी एका मोठ्या रोपवाटिकेत कामाला आहे. फुलझाडांच्या काचघरात अठ्ठावीस वर्षं कीटकनाशक फवारतो आहे. पूर्वी आम्ही ते कसं फवारायचो हे सांगितलं, तर माझ्याशेजारी बसायला तुम्ही दोनदा विचार कराल. बादलीत डबा उपडा करायचा, काठीने ढवळायचं, काठी सापडली नाही तर हाताने! मग सरकारने नियम केले आणि नियमांची पुस्तिका पाठवली. हातमोजे घाला, तोंड झाका, डोळे झाका. वारा असताना फवारू नका. मधमाश्या फुलांवर असताना फवारू नका. रिकामा डबा तीनदा खळबळून त्याला भोक पाडा. पाण्याच्या जागेपासून तीस पावलं लांब पंप धुवा. मला अक्षरं आली ती पंचेचाळिशीनंतर, त्यामुळे छापलेल्या गोष्टीचं मला फार अप्रूप. बाकीच्यांनी पुस्तिकेने वारा घेतला, मी ती वाचली. एकदा नाही, दर फवारणीच्या आधी! काचघराच्या दारात उभा राहून, खड्या आवाजात, किड्यांनाही पूर्वसूचना मिळावी अशी.

तरीही एका माणसाचं समाधान होत नव्हतं. माझी सूनबाई!

सूनबाई औषधांच्या दुकानात नोकरी करते. बाटली दिसली की आधी मागची बारीक अक्षरं वाचते. आमची नात छकुली नऊ महिन्यांची झाली, पण एकदाही माझ्या मांडीवर बसली नव्हती.

"फवारणीच्या दिवशी बाळाला हात लावायचा नाही, बाबा," सूनबाई सांगायची.

"बरं. मग आज? आज फवारणी नाही."

"काल होती ना?"

"आणि उद्या?"

"उद्या आहे ना?"

आता सांगा, काल आणि उद्या यांच्या मधल्या कुठल्या दिवशी माणसाने आजोबा व्हावं? मी दारातून छकुलीला लांबूनच टाळ्या वाजवून दाखवायचो. तीही मला बघून हसायची, पण जिवंत आजोबाकडे बघून हसावं तसं नाही. भिंतीवरच्या फोटोकडे बघून हसावं तसं.

शेवटी माझा पारा चढला. "माझ्या फवारणीच्या परवान्याचं नूतनीकरण आहे," मी म्हणालो. "सरकारी निरीक्षक बाई येणार आहेत. त्यांनी मला स्वच्छ म्हटलं तर?"

"त्यांनी लेखी दिलं," सूनबाई म्हणाली, "तर मी स्वतः छकुलीला तुमच्या मांडीवर ठेवीन."

"ठरलं!"

"ठरलं!"

आमची ही, म्हणजे माझी बायको, पडद्याआडून म्हणाली, "अहो, फार उड्या मारू नका."

निरीक्षक बाई आल्या त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं आणि वारा अजिबात नव्हता. काचघरातलं एक पानही हलत नव्हतं. बाई उंच, किरकोळ अंगाच्या. बोलायच्या इतकं हळू, की शेजारच्या खोलीत कुणी अखेरच्या घटका मोजतंय असं वाटावं. त्यांनी मला पन्नास प्रश्न विचारले. मी पन्नासही उत्तरं पुस्तिकेतल्या शब्दांत, पान क्रमांकासह दिली. बाईंनी वही मिटली. मग बॅगेतून एक पांढरी पुडी काढली.

"आज टाकीत औषध घालू नका."

"मग?"

"ही पावडर घाला. विषारी नाही. बाकी सगळं रोजच्यासारखं करा. रोजच्यासारखे घरी जा. जेवा. चार वाजता मी येते."

"घरी कशाला?"

बाई फक्त हसल्या. मला वाटलं, चहाला येत असतील.

मी फवारणी अशी केली की बघणाऱ्याने धडे घ्यावेत! दर दहा मिनिटांनी पुस्तिका उघडून एकेक नियम पडताळला. ओढ्यापासून तीस पावलं मोजली, वर दोन जास्त टाकली आणि तिथे पंप धुतला. हातमोजे कामावरच काढून ठेवले. घरी जाऊन साबणाने दोनदा हात धुतले, मग जेवलो. चारच्या ठोक्याला बाई दारात हजर! पायांचा आवाजच नाही.

"आधी माझ्याबरोबर या," त्या म्हणाल्या.

त्या मला पुन्हा रोपवाटिकेत घेऊन गेल्या, पंप धुतला होता त्या जागी. तिथून पुढे फरशीखालून एक बंद गटार जातं. बाईंनी फरशी सरकवली, काळ्या भोकात वाकल्या आणि बॅगेतून एक जांभळट दिवा काढून आत धरला.

माझ्या तोंडचं पाणी पळालं! आत, अंधारात, एक हिरवी रेघ जळत होती. जाळ नाही, धूर नाही, नुसता हिरवा उजेड. ती रेघ वळणं घेत थेट ओढ्याच्या दिशेने गेली होती. आणि मग त्या रेघेचा एक तुकडा उठला. उठला, दोन डोळे उघडले आणि माझ्या अंगावर आला!

मी ओरडलो. तुकडाही ओरडला. डराँव!

"बेडूक आहे," बाई म्हणाल्या. "तुमच्या धुवणाच्या पाण्यात बसला होता."

"पण बाई, मी तीस पावलं मोजली होती! बत्तीस!"

"पावलं तुम्ही मोजलीत. पाण्याने मोजली नाहीत. गटार कुठे जातं ते बघायला हवं होतं." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. "पावडर याच दिव्याखाली चमकते. एरवी दिसत नाही. चला, आता घर."

घर हा शब्द असा कानाला कधी लागला नव्हता.

घरी येताच बाईंनी सगळ्या खिडक्या लावायला सांगितल्या, पडदे ओढले, दाराखालच्या फटीत पायपुसणं सारलं. दिवसाढवळ्या खोलीत काळोख झाला. आमची ही माझ्या कानाशी लागली. "अहो, तुम्ही निरीक्षक म्हणालात. या कुणाला बोलावताहेत?"

"अगं, तपासणी आहे."

"कुणाची? मेलेल्यांची?"

दिवा लागला. बाईंनी आधी माझे हात पाहिले. पुढून, मागून, नखांत. काहीच नाही. लख्ख! माझी छाती अशी फुगली की शर्टाचं बटण कुरकुरलं. "बघितलंस का, सूनबाई?" मी अंधारात विचारलं.

मग दिवा दाराकडे वळला. कडीवर चार हिरवी बोटं होती.

नुसती बोटं. त्यामागे माणूस नव्हता. नळाच्या तोटीवर अंगठा. खुर्चीच्या हातावर अख्खा पंजा, कुणी अजून तिथे बसलंय आणि आपल्याला दिसत नाही असा. भिंतीवर कमरेच्या उंचीवर एक घसरलेला हात. दिवा जाईल तिथे तो हात आमच्या आधी पोचलेला! बत्तीस वर्षं मी त्या घरात राहतो, पण माझ्याबरोबर तिथे दुसरंही कुणी फिरतं असं मला पहिल्यांदाच वाटलं. आणि तो दुसरा मीच होतो.

दिवा आमच्या हिच्यावर पडला. तिच्या उजव्या खांद्यावर हिरवा पंजा, पाचही बोटं रुतलेली.

"हे कुणी ठेवलं?" ही किंचाळली. "माझ्या खांद्यावर कोण आहे?"

"मी!" मी घाईघाईने म्हणालो.

"तुम्ही? चाळीस वर्षांत कधी प्रेमाने खांद्यावर हात ठेवला नाहीत, आणि आज..."

"अगं, बूट काढताना तोल जात होता म्हणून धरलं होतं!"

"असं होय," ही म्हणाली. त्या दोन शब्दांत चाळीस वर्षं होती.

बाई म्हणाल्या, "बरोबर. हातमोजे काढले, पण बुटांना उघडा हात लागला. हात धुवायच्या आधी तो कडीला लागला, खुर्चीला लागला, यांना लागला. आता आरशात पाहा."

मी आरशापुढे गेलो. बाईंनी दिवा माझ्या हनुवटीखाली धरला. आरशात चेहरा नव्हता. अंधारात दोन हिरवे ओठ तरंगत होते. ओठ उघडले तर आत हिरवी जीभ! मी तिला आत घेतली, तीही गेली. मी 'आई गं' म्हणालो, तेही 'आई गं' म्हणाले. माझी बोबडीच वळली!

"बाई, मी तोंडाला हात लावला नाही! शपथेवर सांगतो! पान नऊ, नियम चौदा!"

"ती पुस्तिका द्या जरा."

मी खिशातून पुस्तिका काढून दिली. बाईंनी ती दिव्याखाली उघडली. प्रत्येक ओळीखाली हिरवी रेघ. प्रत्येक पानाचा कोपरा पेटलेला. पान नऊ तर कंदिलासारखं! मला ओळीखाली बोट धरल्याशिवाय वाचता येत नाही, आणि बोट थुंकीने ओलं केल्याशिवाय पान उलटता येत नाही. हातमोज्यात पान सुटं होईना, म्हणून मी दर खेपेला हातमोजा काढत होतो आणि तोंडावरचं फडकं खाली करत होतो. तोंडाला हात लावू नये हा नियम मी त्या दिवशी सहा वेळा वाचला होता. सहाही वेळा बोट चाटून!

कुणी हसलं नाही. कारण तेवढ्यात आतल्या खोलीत छकुली जागी झाली.

"तिथेही बघा," मी म्हणालो. आवाज मलाच माझा वाटेना. "मी तिला आज हात लावलेला नाही. आज काय, कधीच नाही. सूनबाईलाच विचारा."

"नाही लावला," सूनबाई म्हणाली. पहिल्यांदाच ती माझ्या बाजूने बोलली होती.

आम्ही चौघं पाळण्याभोवती उभे राहिलो. दिवा पाळण्याच्या काठावर गेला. काळोख. दुपट्यावर गेला. काळोख. कपाळ, गाल, पाय, सगळीकडे काळोख. मी श्वास सोडला. छकुलीने दिव्याकडे पाहिलं, हसली आणि आपली मूठ उघडली.

पाच इवलीशी हिरवी बोटं.

मग ती बोटं तिने तोंडात घातली.

सूनबाईने झडप घालून तिला उचललं. "कसं? कसं शक्य आहे?"

आमची ही हळूच आपल्या खांद्याकडे बघत होती. दुपारी तिने छकुलीला त्याच खांद्यावर टाकून थोपटलं होतं. पोरगी झोपेत खांदा मुठीत धरते.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या. "ही पावडर निर्धोक आहे. खडूइतकीसुद्धा बाधत नाही."

"आज पावडर होती," ही म्हणाली. "मागच्या मंगळवारी काय होतं?"

पडद्यामागे कुठेतरी माशी खिडकीवर डोकं आपटत होती, तेवढाच आवाज.

मी खिशातला जुना परवाना काढून बाईंपुढे धरला. "हा ठेवून घ्या."

बाईंनी दिवा मालवला, खिडकी उघडली. उजेडात सगळं पुन्हा नेहमीसारखं झालं. कडी, खुर्ची, खांदा. काहीच नव्हतं कुठे. ते जास्त भयंकर होतं.

"काका," त्या म्हणाल्या, "या महिन्यात मी अकरा फवारणीवाल्यांची घरं पाहिली. सर्वांत कमी चमकलेले तुम्ही आहात."

"कमी?"

"एका घरात तर इतकं चमकत होतं, की दिव्याची गरजच नाही असं वाटलं. सहा आठवडे देते. मग पुन्हा येते."

सहा आठवडे मी काय केलं नाही ते विचारा! मालकांच्या मागे लागून काचघराजवळ न्हाणीघर बांधून घेतलं. कामाचे कपडे आणि बूट तिथेच कुलपात. धुवायच्या जागेचं पाणी वेगळ्या खड्ड्यात. ओढ्याकडचं गटार बुजवलं. पुस्तिकेची पानं सुटी करून काचेमागे भिंतीला लावली. आता वाचताना हात मागे बांधून उभा राहतो. सुरुवातीला ओळी हरवायच्या, एकच नियम तीनदा वाचला जायचा, पण सवय झाली. घरी मी अंघोळ करून, वेगळ्या कपड्यांत, चपला घालून यायचो. तोल गेला तर भिंतीला डोकं टेकायचो.

बाई दुसऱ्यांदा आल्या. तीच पुडी, तीच फवारणी, चार वाजता तसाच काळोख. दिवा कडीवर गेला. काळोख. नळ, खुर्ची, भिंत, हिचा खांदा, माझे ओठ. सगळीकडे गडद, सुंदर, शांत काळोख! आयुष्यात अंधार बघून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

"स्वच्छ," बाई म्हणाल्या. "लेखी देते."

अंधारात पावलं वाजली. "बसा, बाबा," सूनबाई म्हणाली. मी बसलो. आणि माझ्या मांडीवर एक ऊबदार ओझं आलं. साडेदहा महिन्यांचं. छकुलीने माझी हनुवटी चाचपली, नाक ओढलं. फोटोला नाकही असतं हे तिला नव्यानेच कळत होतं. मी हललोसुद्धा नाही.

"शेवटची एक फेरी," बाई म्हणाल्या आणि दिवा माझ्याकडे वळवला.

"थांबा!" त्या ओरडल्या. हळू बोलणारी ती बाई चक्क ओरडली!

माझी मांडी चमकत होती. फिकट पिवळी. आणि ती चकाकी पसरत होती! मांडीवरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून खाली, थेंब थेंब जमिनीवर. सूनबाई किंचाळली. आमची ही म्हणाली, "अहो, तुम्ही वितळताय!" मला तर खरंच वाटलं, अठ्ठावीस वर्षांचं विष एकदम बाहेर पडतंय.

पण विष इतकं कोमट नसतं.

बाई वाकल्या, दिवा जवळ नेला, एकदा वास घेतला आणि पटकन मागे झाल्या. "ही माझी पावडर नाही," त्या म्हणाल्या. "या दिव्याखाली हेसुद्धा चमकतं."

छकुली समाधानाने हसली.

मला पाच वर्षांचा परवाना मिळाला. शिक्का आहे, सही आहे, सगळं आहे. फक्त तो मी अजून भिंतीवर लावलेला नाही. बाईही नियमाच्या पक्क्या, जे दिसलं ते लिहिणाऱ्या. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं आहे: 'अर्जदाराच्या विजारीवर चकाकी आढळली. उगम: नात. धोका नाही.'