साखळीचा फॉल

एका बिनकॉलरच्या कोटात असं असतं तरी काय, हे गोरक्षने ताईला पुष्कळदा विचारलं होतं. ब्लाउज शिवताना ताईच्या तोंडात नेहमी टाचण्या असायच्या. उत्तर राहूनच गेलं.

कोट पॅरिसच्या एका बड्या कंपनीचा. चार खिसे, काठाला गोफ, सोनेरी बटणं. आज्यांनी घातला, आता नाती घालतात, कोट तोच. कंपनी दरवर्षी फक्त किंमत बदलते (तेवढे कष्ट तरी घ्यायला हवेतच). एका कोटात गोरक्षची हरसूल-नाशिक फेऱ्या मारणारी जीप आली असती, वर टाकीभर डिझेल. या कोटाचं चित्र संपदाताईने एकलहऱ्याला सासरच्या घरी, शिलाई मशीनच्या वर, देवांच्या शेजारी चिकटवलं होतं. कॉलनीतल्या निम्म्या बायकांच्या ब्लाउजना तिने तसाच गोफ लावून दिला होता. लग्नात कुणी विचारलंच, तर त्या बायका संपदाचं नाव सोडून पॅरिसपर्यंत सगळं सांगायच्या.

"कोटाच्या आत, खालच्या काठाला साखळी शिवतात," ताई एकदा म्हणाली होती. "वजनाने कोट सरळ पडतो. आपल्या साडीला फॉल, तसं."

सातवीतून शाळा सोडलेल्या गोरक्षला त्या कोटातलं एवढंच कळलं.

मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि ताई गेली.

सवाष्ण गेली की शेवटची साडी माहेरची लागते. माहेर म्हणजे आता एकटा गोरक्ष. तो जीप घेऊन थेट नाशिकरोडच्या दुकानात शिरला आणि ताईला आवडेल अशी साडी निवडली. काळी, पांढऱ्या काठाची, हुबेहूब तो कोट. दुकानदार खुश. फॉल-पिको करून उद्या देतो म्हणाला.

"नको," गोरक्ष म्हणाला. "फॉल ताईच लावते."

आपण काय बोललो, ते त्याला जीपमध्ये बसल्यावर कळलं.

एकलहऱ्याला त्याने पिशवी उघडली आणि अंगणातलं रडणं एकदम थांबलं. (इतका वेळ लोक समजूत घालून दमले होते.)

"सवाष्णीला काळं आणतं का कुणी?" ताईच्या सासूबाई, सगुणाबाई म्हणाल्या. "हिरवी लागती बाबा."

"ही क्लासिक आहे, मावशी."

"काय हाय?"

"म्हणजे कधी जुनी होत नाही."

"माझ्या आजेसासूला हिरवी व्हती, सासूला हिरवी व्हती. कुठं जुनी झाली?"

यावर पॅरिसची कंपनीसुद्धा गप्प बसली असती. ताईचा नवरा यादव भिंतीला टेकून बसला होता. तो इतकंच म्हणाला, "जा गोरख, बदलून आण."

विकलेला माल परत घेणार नाही, अशी पाटी होती. दुकानदाराने आता कारण ऐकलं आणि त्याच पाटीखाली उभं राहून मुकाट्याने साडी बदलून दिली.

बायकांनी ताईला हिरवी साडी नेसवून बाहेर आणलं. फॉल नव्हता, काठ सारखा वर वळत होता. आता कोण बघतंय, असं एकजण म्हणाली.

"ताई बघायची," गोरक्ष म्हणाला आणि घरात गेला. मशीनच्या खणातून त्याने ताईने हौसेने आणून ठेवलेली साखळी आणि सुईदोरा आणला आणि ताईच्या पायाशी बसून काठाला साखळी शिवायला घेतली. जीपच्या सीटा शिवायचा त्याला अनुभव होता. टाकेही त्याच मापाचे पडत होते. खांदेकरी खोळंबले. उन्हं कलली म्हणून कुणी हटकलं, कुणी चिडलं, पण गोरक्षला बोलता येत नव्हतं. त्याच्या तोंडात टाचण्या होत्या.

शेवटी काठ सरळ पडला. तिरडी उचलली, आणि गोरक्षचा हातही उचलला गेला.

"सोड रे तिला," सगुणाबाई रडत म्हणाल्या. "असं धरून ठेवू नये."

"मी कुठे धरलंय?"

त्याने साडीबरोबर स्वतःची बाही शिवली होती.

यादवने ताईचीच कात्री आणली आणि बाही कापली. कॉलनीच्या फाटकापर्यंत पोचायच्या आत गोरक्षचे बाकीचे टाके एकेक करून उसवले आणि साखळी गळून रस्त्यावर पडली. बाहीचा तुकडा मात्र ताईच्या पायाशी पक्का बसला होता.