मूळ गावचा किडका पेरू

"एवढंच ना? माझ्यावर सोड!"

असं दत्तात्रेयराव म्हणाले, की त्यांच्या पत्नी शारदाबाई हातातलं काम टाकून देवाला हात जोडतात. पाण्याची मोटर दुरुस्त करायच्या आधी ते असंच म्हणाले होते. मेहुणीचं लग्न जमवायच्या आधीही असंच म्हणाले होते. मोटर भंगारात गेली. मेहुणी अजून बोलत नाही.

या वेळी प्रकरण माशीचं होतं.

दत्तात्रेयराव झाशीचे. रेल्वेतून निवृत्त, महाराष्ट्र मंडळाचे सचिव, ओरछा गेटपाशी घर. पण "आप झाँसी के ही हैं?" असं कोणी चुकून विचारलं, तर मेला बिचारा! "नहीं जी! हम मूल कोंकण के! पोफळोली गाँव!" इथून जी गाडी सुटायची ती मराठ्यांच्या सुभेदारांच्या काळी झाशीत आलेले पूर्वज, त्यांच्या पोफळीच्या बागा आणि दारापुढचा समुद्र अशी सगळी स्टेशनं घेत जायची, आणि ऐकणाऱ्याचा चहा थंड व्हायचा. पोफळोलीला गेल्या सात पिढ्यांत या घरातलं कोणीही गेलेलं नव्हतं. ते नेमकं कुठे आहे हेसुद्धा ठाऊक नव्हतं. त्यामुळे अभिमानात काही कमी येत नव्हती.

त्यांची मुलगी नीरजा शेती संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ होती, पण कंत्राटी. तिचं काम एका परक्या फळमाशीवर. ही माशी कुठून तरी बाहेरून फळांच्या पेट्यांतून आपल्याकडे आली आणि दिसेल त्या पेरूत अंडी घालत सुटली. तिचं शास्त्रीय नाव इतकं लांबलचक, की ते म्हणून होईपर्यंत बाईसाहेब पुढच्या झाडावर पोचलेल्या असायच्या! आता ठिकठिकाणी पसरल्यावर सगळीकडच्या माश्यांचे जीन्स सारखेच राहिले, की गावोगावची माशी थोडी थोडी वेगळी झाली, एवढं नीरजाला शोधायचं होतं. कारण माशी वेगळी, तर तिच्यावरचा इलाजही वेगळा.

झाशीचे नमुने ती नंतर घेणारच होती, पण आधी महाराष्ट्रातले हवे होते आणि केंद्राने नेमका प्रवासखर्च कापला. मार्चपर्यंत अहवाल नाही, तर कंत्राटही नाही. मग हैदराबादला एक नोकरी होती, तिकडे जावं लागणार होतं. नीरजा लांब जाणार या विचाराने दत्तात्रेयरावांच्या घशाखाली घास उतरेना. ती गेल्यावर त्यांचं बोलणं ऐकायला घरात फक्त शारदाबाई उरणार होत्या, आणि त्यांनी ते ऐकणं केव्हाच सोडलं होतं.

"अगं, बबीन्याच्या लष्करी छावणीत अख्खा महाराष्ट्र नांदतोय!" दत्तात्रेयराव म्हणाले. "सातारा, सांगली, नागपूर, जळगाव! दिवाळीला सगळे गावी जातात, येताना फळं आणतात. प्रत्येकाला एक डबा द्यायचा. म्हणायचं, तुमच्या गावचा एक किडका पेरू घालून आणा. खर्च शून्य!"

"बाबा, आयडिया अच्छी आहे," नीरजा म्हणाली. दत्तात्रेयरावांची आयडिया चांगली असू शकते याचा धक्का तिला आणि शारदाबाईंना एकदमच बसला.

नीरजाने डबे तयार केले. तळाशी वाळू, तोंडावर मलमलीचं फडकं. पेरूतली अळी बाहेर पडून वाळूत कोष करणार, त्यातून माशी निघणार. डबे मंडळातून घरोघर गेले.

दिवाळीनंतर परतही आले. घासूनपुसून लख्ख! एकात बेसनाचे लाडू. दुसऱ्यात शेंगदाण्याची चिक्की. तिसऱ्यात संत्र्याची बर्फी. आणि प्रत्येकात एक पेरू, पण असा गोमटा, की देवापुढे ठेवावा!

"आणि वाळू?" नीरजाने कपाळाला हात लावला.

"टाकली की!" हौसाबाई म्हणाल्या. त्या साताऱ्याकडच्या. त्यांचा मुलगा पांडुरंग हवालदार होता. "डब्यात केवडी घाण साठल्याली! घासून आनलाय. आन् रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हनून लाडू घातल्यात."

"अहो, पण पेरू किडका हवा होता ना!"

"किडका?" हौसाबाईंनी पदर खोचला. "आमच्या शिवारात किडका पेरू? सचिवसायेब, तुमी आमची अब्रू काडताय व्हय?"

नागपूरची अनुश्री, एका कॅप्टनची बायको, जरा गोड बोलून सुटली. "काका, आमच्याकडे कीड पडतच नाही ना. सांगलीवाल्यांना विचारून पाहा बरं." सांगलीच्या जयदीपने जळगावकडे बोट दाखवलं. जळगावच्या विद्याताईंनी साताऱ्याकडे दाखवलं. साताऱ्याच्या हौसाबाई तर पदर खोचूनच उभ्या होत्या.

दत्तात्रेयरावांनी मग शेवटचं अस्त्र काढलं, म्हणजे भाषण! संक्रांतीच्या तिळगुळाला मंडळात माइक हातात घेऊन ते म्हणाले, "बंधुभगिनींनो, माझ्या पोरीचं भवितव्य आज एका किडक्या पेरूत अडकलेलं आहे!" बायकांनी डोळ्यांना पदर लावले. हौसाबाई तर हुंदके देऊन रडल्या.

नीरजाने पुन्हा वाळू भरून डबे वाटले, आणि आठवडाभरात सगळे हजर! आत पेरू असे किडलेले, की हातात घेतला तर आपणहून चालायला लागावा! वर चिठ्ठ्या चिकटवलेल्या: सातारा, सांगली, नागपूर, जळगाव. संक्रांतीनंतर इतक्यात गावी कोण जाऊन आलं, हा प्रश्न दत्तात्रेयरावांना पडायला हवा होता. नीरजाला पडला.

"अगं, लष्करातली माणसं! कोणाचा भाऊ येतो, कोणाचा मेहुणा येतो," त्यांनी ठोकून दिलं.

"ठीक है. पण बाबा, कोकणचा नमुना राहिला. छावणीत कोकणातलं कोणीच नाही."

"मी नाही का? एवढंच ना? माझ्यावर सोड! पोफळोलीहून मागवतो!"

बोलून गेले आणि अडकले. मागवणार कोणाकडून? पोफळोलीत ते ज्याला नावाने ओळखत होते तो सर्वांत अलीकडचा माणूस वारून दोनशे वर्षं झाली होती. तीन दिवस ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. चौथ्या दिवशी सकाळी न्हाणीघरामागे दात घासत असताना त्यांची नजर तिथल्या पेरूच्या झाडावर गेली. फांदी वाकलेली, पेरू पिकलेले, आणि एकूण एक किडके! दत्तात्रेयरावांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. झाड कोकणस्थाच्या अंगणातलं आहे, सात पिढ्या कोकणस्थाच्याच आंघोळीचं पाणी पितंय, म्हणजे तसं ते कोकणातलंच की! अशी मनाची समजूत घालून त्यांनी एक पेरू तोडला आणि डब्यावर चिठ्ठी लावली: पोफळोली, कोकण.

फेब्रुवारी सरता सरता नीरजा केंद्रातून उड्या मारत घरी आली.

"बाबा! कमाल झाली! सातारा, सांगली, नागपूर, जळगाव, सगळ्या माश्या जणू सख्ख्या बहिणी! काहीच फरक नाही! आणि तुमची कोकणवाली एकदम अलग!"

"म्हणजे?" शारदाबाईंनी विचारलं.

"म्हणजे कोकणची माशी सगळ्यांपेक्षा वेगळी निघाली!"

"असणारच!" दत्तात्रेयरावांची छाती फुगली. तो पेरू कुठला होता हे ते या घडीला खरोखरच विसरले होते.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या डायरेक्टर साहेबांनी बातमी छापून आणली. 'महाराष्ट्र की मक्खियाँ सगी बहनें, कोंकण की सबसे न्यारी!' दत्तात्रेयरावांनी पेपरच्या दहा प्रती आणल्या. नववी वाटून झाली तेवढ्यात नीरजाचा फोन आला.

"बाबा, बॅग भरा! साहेबांनी कुठून तरी पैसे काढलेत. सोमवारी आपण दोघं पोफळोलीला निघतोय. रस्ता तुम्ही दाखवायचा!"

दत्तात्रेयरावांना एकदम गुडघेदुखी सुरू झाली. मग कंबर. संध्याकाळपर्यंत आजार मानेपर्यंत चढला होता.

"सकाळी तर सबंध गल्लीत पेपर वाटत हिंडत होता," शारदाबाई म्हणाल्या आणि नवऱ्याकडे फार वेळ बघत राहिल्या. हे लक्षण चांगलं नव्हतं.

रविवारी सकाळी दार धाडकन उघडलं. हातात पेपर घेतलेल्या हौसाबाई पुढे, अनुश्री, जयदीप आणि विद्याताई मागे.

"ह्ये काय छापलंय? साताऱ्याची माशी आन् सांगलीची माशी सख्ख्या भैनी? कोन म्हनतं?"

"मावशी, मी नाही, जीन्स म्हणतात," नीरजा म्हणाली.

"जीन्सला काय कळतंय! आवं, ती माशी आमची न्हाईच! आमच्या गावात किडका पेरू नसतोय, म्हनून हितल्या शिपरी बाजारातनं घेतला म्या! तुझ्यापायी घेतला, पोरी!"

अनुश्रीने हळूच विचारलं, "मावशी, सिपरी बाजारात कोणता गाडा? निळ्या छत्रीचा?"

"व्हय. का?"

"अगं बाई! माझाही तिथलाच!"

जयदीप बुटाकडे बघत म्हणाला, "माझापण." विद्याताई नुसत्या लाल झाल्या.

नीरजा मटकन खाली बसली. सगळा महाराष्ट्र एकाच हातगाडीवरचा! बहिणी निघणार नाहीत तर काय! पण पोरगी धीराची. म्हणाली, "चला, निदान बाबांचा कोकणचा नमुना तरी असली आहे. उद्या तिकडे जातोच आहोत."

सगळ्यांच्या नजरा दत्तात्रेयरावांकडे वळल्या. अजून वेळ होती. आजारी पडता आलं असतं, गाडी चुकवता आली असती. पण नीरजाच्या डोळ्यांत जो विश्वास होता तो बघून त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली. आपल्या फुशारकीपायी हिची नोकरी चालली!

"बेटा," ते इतक्या बारीक आवाजात म्हणाले, की हौसाबाईंना पुढे वाकावं लागलं, "तो पेरू पोफळोलीचा नाही. न्हाणीघरामागचा आहे."

"तरीच!" शारदाबाई म्हणाल्या. "कीड काढून मुरंब्याला घालायला धरलेला एक कमी कसा, म्हणून मी केव्हाची शोधत होते."

नीरजा रागावली नाही, रडली नाही. नुसती उठली आणि चपला घालायला लागली. ती ओरडली असती तर बरं, असं दत्तात्रेयरावांना वाटलं.

"कुठे निघालीस?"

"सिपरी बाजार. साहेबांना सांगायच्या आधी निदान त्या माश्या कुठल्या आहेत ते तरी बघू दे."

मग काय, सगळं महाराष्ट्र मंडळ स्कूटरी आणि ऑटोतून तिच्या मागे! निळ्या छत्रीखालच्या पेरूवाल्याने हौसाबाईंना लांबूनच ओळखलं आणि गाड्याखालून एक टोपली ओढून काढली.

"आओ अम्मा जी! आपके व्रत का माल अलग रखा है!"

"काय का माल?"

"वही कीड़ेवाला! आप लोगों में कोई व्रत होता है न? सब मराठी बहनजी आईं, अच्छे छोड़कर कीड़ेवाले छाँट-छाँटकर ले गईं! हमने तो दाम भी दूना कर दिया."

"भैया, हे अमरूद येतात कुठून?" नीरजाने विचारलं. घाईत तिच्या मराठीत हिंदी मिसळली होती की हिंदीत मराठी, तिचं तिला कळलं नाही.

"एरच के हैं, दीदी. बेतवा किनारे एक ही बगीचा है, सालों से वहीं का माल. पर वहाँ के अमरूद में कीड़ा नहीं होता, हाँ! ये तो रास्ते में लग जाता होगा."

पण नीरजाचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती जागच्या जागी थबकली होती. "बाबा! एरच पण झाशी जिल्ह्यात आणि ओरछा गेट पण झाशीत! आणि दोन्हीकडच्या माश्या वेगळ्या! एकाच जिल्ह्यात!"

"म्हणजे चांगलं का वाईट?"

"मला वाटलं होतं फरक बघायला हजार किलोमीटर जावं लागेल. तो तर आपल्या न्हाणीघरामागे निघाला!"

सोमवारी तिने साहेबांना सगळं खरं सांगितलं. आधी अर्धा तास साहेब ओरडले. वर्तमानपत्रात दुरुस्ती आली, ती इतक्या बारीक अक्षरात की फक्त माशीलाच वाचता यावी. मग साहेबांनी शांतपणे विचारलं, "मतलब अब महाराष्ट्र जाना ही नहीं पड़ेगा? सब यहीं हो जाएगा? बस के किराये में?" आणि नीरजाचं कंत्राट आणखी दोन वर्षांसाठी वाढलं.

फक्त एक अट पडली. झाशी जिल्ह्यातले किडके पेरू गोळा करायला बिनपगारी माणूस हवा होता. या वेळी "माझ्यावर सोड" असं कोणी म्हणालं नाही. नीरजाने नुसता डबा पुढे केला आणि दत्तात्रेयरावांनी मुकाट्याने घेतला.

पहिलीच फेरी एरचची. बेतवेच्या काठी ती बाग, आणि दारात मिशाळ मालक. नीरजाने कामाचं सांगताच तो भडकला.

"कीड़ा? हमारे बगीचे में? कतई नहीं! झाँसीवालों के यहाँ होगा!" मग त्याने दत्तात्रेयरावांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "और आप, बाबूजी? मूल कहाँ के हैं?"

नीरजाने श्वास रोखला. दत्तात्रेयरावांच्या जिभेवर पोफळोली आली, पोफळी आल्या, समुद्रसुद्धा आला. त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं आणि सगळं गिळलं. मग छाती पुढे काढून म्हणाले,

"ओरछा गेट के! और सुन लो, भैया, हमारे जैसा असली कीड़ा पूरे ज़िले में नहीं मिलेगा!"