पहिली डिस्क की नंबर एक?

कॉम्प्युटरच्या बाबतीत आमच्या घरात शेवटचा शब्द माझा असतो. त्यामुळे बायकोचा कॉम्प्युटर अडखळायला लागला तेव्हा मी सांगितलं, "तू चहा घे. तोवर मी हार्ड डिस्कची तब्येत तपासतो."

बायको शाळेत भूमिती शिकवते. तीन वर्षं खपून लिहिलेलं तिचं पुस्तक त्या कॉम्प्युटरात होतं आणि बुधवारी ते प्रकाशकाकडे जायचं होतं. आत दोन डिस्क होत्या. मीच त्यांना 'पहिली' आणि 'दुसरी' अशी नावं दिली होती. पुस्तक पहिलीवर.

तब्येत तपासायचा प्रोग्राम चालवला. पडद्यावर लाल अक्षरं आली : 'नंबर १ : सावधान.'

"पहिली गेली," मी म्हणालो.

बायकोचा चेहरा पडला. "माझं पुस्तक?"

"मी आहे ना."

मी पुस्तक पहिलीवरून दुसरीवर उतरवलं. एवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण आजारी डिस्क उद्या भंगारात जाणार, कुणाच्या हाती लागणार, म्हणून तिच्यावरच्या बायकोच्या सगळ्या फायली कायमच्या पुसल्या. मग खात्री करायला पुन्हा तपासणी केली.

'नंबर १ : सावधान.'

मागे सासरे येऊन उभे होते. आयुष्यभर जमिनी मोजलेला माणूस. ते म्हणाले, "जावईबापू, वरच्या ओळीत नंबर शून्य लिहिलंय. उत्तम, असं."

"शून्य नंबरची डिस्क कशी असेल?"

"मोजणी शून्यापासून असेल तर पहिली शून्य. मग एक नंबर म्हणजे दुसरी."

"एक म्हणजे दुसरी?"

"आणि पहिली म्हणजे शून्य."

मी बोटं मोजली. दोनदा मोजली. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं. धडधाकट डिस्क मी पुसली होती आणि पुस्तक मरणपंथाला लागलेल्या डिस्कच्या हवाली केलं होतं. घाईघाईने फाइल उघडायला गेलो, तर कॉम्प्युटर जागच्या जागी गोठला.

बायको रागावली असती तर बरं वाटलं असतं. तिने नुसती पायांत चप्पल घातली.

कॉम्प्युटरचा डबा मांडीवर घेऊन मी टॅक्सीत बसलो, शेजारी ती. दुरुस्तीच्या दुकानात चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी डबा उघडला, आतली एक वायर उपटली, दुसरी लावली आणि यंत्र सुरू केलं. पाच मिनिटांनी पडद्यावर त्रिकोण, वर्तुळं, सगळी प्रकरणं जशीच्या तशी.

"डिस्कला काही झालेलं नाही," बाई म्हणाल्या. "वायर सैल होती. म्हणून ती इशारा देत होती."

बायकोने डोळे पुसले. मी खुर्ची शोधून बसलो.

बाई अजून पडद्याकडेच बघत होत्या. "ही शेजारची डिस्कही ठणठणीत दिसतेय. मग हिच्यावरच्या फायली कशाने गेल्या?"

मी तोंड उघडलं, पण बायकोने आधी सांगून टाकलं.

"हिची यांनी तब्येत तपासली."