ओझ्याला हात लावणारे

मळ्यावरची घंटा कोंबड्याच्याही आधी वाजायची. रविवारी मात्र तिला सुट्टी असे. त्या दिवशी गोठा झाडायला माणसं बोलवायची तर सरदार, म्हणजे मुकादम, नुसता ओरडायचा.

न्यायाधीशसाहेबांच्या बग्गीचा घोडा खादाड होता.

नदीपलीकडच्या पुष्पावतीच्या देवीपुढे घंटा नव्हती. आरतीला पुष्पावती पितळी ताटावर पळी आपटायची. ताटाला पोचे आले होते.

गावाकडची रीत अशी, की वाटेत कुणी ओझ्यापाशी खोळंबलेला दिसला तर हात लावून ते त्याच्या डोक्यावर चढवून द्यायचं. आत काय आहे ते विचारायचं नाही. समुद्र ओलांडून माणसं मॉरिशसला आली, तशी ही रीतही आली.

सीतारामाला लग्न करायचं होतं.

बों अक्योय गावच्या त्या उसाच्या मळ्यावर सीतारामाइतका जपून वागणारा माणूस दुसरा नव्हता. झोपलेल्या कुत्र्यालाही तो वळसा घालून जाई. पुष्पावतीच्या लेकीवर, चंद्रिकेवर, त्याचा जीव जडला होता, चंद्रिकेचीही ना नव्हती. अडचण होती ती तिच्या आईची. मळ्यावरच्या मजुरीचा करार संपवून नदीपलीकडे भाजी पिकवणाऱ्या त्या विधवेची अट एकच होती.

"रूप नको, जमीन नको," ती म्हणायची. "पण चौकीची पायरी चढलेला जावई मला नको. तो आत बसंल आणि माझी पोर भाकरी घेऊन दाराशी. आमी नाय ते करणार."

म्हणून त्या रविवारी सीताराम धुतलेलं धोतर नेसून, एक नारळ घेऊन, लग्नाची तारीख मागायला निघाला. वाटेत आंब्याखाली बलराम बसला होता. बलराम त्याच्याच ओळीत ऊस तोडणारा, कुणाचंही काम करणारा, हसतमुख गडी. पुढ्यात उसाच्या वाढ्याचा, गुरांना घालायच्या हिरव्या शेंड्यांचा, भलामोठा भारा.

"सीतारामा, जरा हात लाव रं."

सीतारामानं नारळ खाली ठेवला आणि हात लावला. भारा उचलताना त्याचे डोळे पांढरे झाले.

"वाढं लई जड लागतंय."

"दवानं भिजलंय."

भारा डोक्यावर बसता बसता आतून आवाज आला, टण्ण. असं वाजणारं वाढं सीतारामानं कधी ऐकलं नव्हतं. हेही ऐकलं नाही असं त्यानं ठरवलं. बलरामाची वाटही नदीकडचीच निघाली, दोघं सोबत चालू लागले. जपून वागणाऱ्या माणसाला तेव्हाच मागं फिरता आलं असतं. पण मागं फिरणं म्हणजे आवाज ऐकल्याचं कबूल करणं.

नदीच्या उतारावर बलराम पुन्हा टेकला. तिथं एक क्रेओल शिपाई बूट काढून पाण्यात पाय सोडून बसला होता. बलरामानं त्याला खूण केली. शिपाई अनवाणीच आला, 'बोंज्ये!' म्हणून देवाचं नाव घेत त्यानं भारा उचलून दिला आणि परत पाण्यात पाय सोडले. भारा वाजला. शिपायानं आकाशाकडे पाहिलं. ढग नव्हते.

पलीकडच्या चढावर बलरामाची मान आखडली. भारा त्यानं टाकला तो नेमका रस्त्याच्या मधोमध, आणि वळणावरून बग्गी आली. बग्गीत दोघे होते, चर्चमधून जेवायला निघालेले. एक न्यायाधीशसाहेब, दुसरे मळ्याचे मालक.

"काय तमाशा आहे," न्यायाधीश गाडीवानाला म्हणाले. "उतर. लाव हात. सूप निवतंय."

गाडीवान उतरला. एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं सीताराम. भारा छातीपर्यंत आला आणि घोड्याच्या तोंडापाशी थांबला. घोड्यानं एक घास घेतला. मग दुसरा. सगळे 'हो हो' करेपर्यंत हिरव्या वाढ्यातून पितळेचा पिवळा काठ डोकावला, घोड्याचा दात त्यावर लागला, आणि पूर्ण मळा ज्या आवाजानं उठायचा तो आवाज भर रस्त्यात झाला.

"ही तर माझी घंटा," मालक म्हणाले.

सीतारामाच्या हातून भारा सुटला. तो नेमका नारळावर पडला.

ती रात्र सीताराम आणि बलरामानं चौकीत काढली. सोमवारी मळ्यावर कुणी वेळेवर उठलं नाही. उठले ते कामावर न जाता थेट फ्लाकच्या कचेरीत आले, खटला बघायला. कारकुनानं पुरावा म्हणून घंटा टेबलावर आदळली, तशी जमलेली सगळी माणसं सवयीनं ताडकन उभी राहिली आणि कोयते शोधू लागली. त्यांना पुन्हा बसवायला बराच वेळ गेला.

दुभाषी होता देवराज. तो न्यायाधीशांचं फ्रेंच मराठीत आणि कैद्यांचं मराठी फ्रेंचमध्ये करी, दोन्हीकडचे शब्द जरा सौम्य करून.

"साहेब म्हणतात, चोरी करणारा आणि त्याला मदत करणारा, दोघं कायद्यापुढं सारखे. सीताराम, तू हात लावलास?"

"लावला," सीताराम म्हणाला. त्याला समोर न्यायाधीश दिसतच नव्हते. दिसत होती भाकरी घेऊन दाराशी उभी चंद्रिका, आणि तिला ओढून घरी नेणारी तिची आई.

"आत काय आहे ते विचारलंस?"

"इचारत न्हाईत, मिस्ये."

"का?"

"इचारलं तरी हात लावावाच लागतो. मग इचारून काय मिळायचं?"

देवराजनं हे फ्रेंचमध्ये सांगितलं. न्यायाधीशांनी ते दोनदा ऐकलं.

"आणखी कुणी मदत केली?"

बलराम खूश झाला. आपल्याला इतक्या माणसांनी मदत केली हे त्याला कधीपासून सांगायचं होतं. "नदीवर या शिपाईदादानं. लई भला माणूस. पायात बूट नसताना आला."

आरोपींवर पहारा करत उभा असलेला शिपाई शिस्तीचा होता. त्यानं टोपी काढली आणि स्वतःच पिंजऱ्यात जाऊन सीतारामाशेजारी उभा राहिला.

"साहेब म्हणतात, चोरीला उत्तेजन देणाराही गुन्हेगार. कुणी दिलं?"

"उत्तेजन म्हंजे?"

"'कर बाबा, बरं होईल' असं म्हणणं."

"मग मालकांनी दिलं. शनिवारी तांदूळ वाटताना कपाळ दाबून म्हणाले, ही घंटा कुणी उचलून नेली तर मी त्याचे उपकार मानीन. समद्यांनी ऐकलं."

समद्यांनी माना डोलावल्या. मालक खुर्चीतून अर्धे उठले. "ती थट्टा होती."

"आणि ही कल्पना मुळात कुणाची?" देवराजनं पुढचा प्रश्न सांगितला.

बलरामानं खिडकीबाहेर पाहिलं. "ते काय आठवत न्हाई." सकाळपासून त्याला न आठवलेली ही एकच गोष्ट. मग घाईनं तो म्हणाला, "पण चढावर बग्गीच्या गाडीवानानं हात लावला, ते आठवतंय. आणि त्याला 'लाव हात' असं कुणी सांगितलं, तेबी."

देवराज थांबला. घसा खाकरून त्यानं न्यायाधीशांकडे वाकून अगदी हळू विचारलं, "साहेब, पुढचं मी भाषांतर करू का?"

"नको," न्यायाधीश म्हणाले. काल सूप निवलं ते निवलंच, आता मानही तांबडी झाली. त्यांनी लेखणी खाली ठेवली, पिंजऱ्यातल्या शिपायाकडे पाहिलं, मग मालकांकडे वळले. "नीट विचार करून सांगा. ते वाक्य थट्टेनं बोललात, तर तुम्ही मजुरांना चोरीला चिथावलंत. मनापासून बोललात, तर घंटा तुम्ही देऊन टाकलीत. दिलेली वस्तू नेली तर चोरी होत नाही. चोरी नाही, तर तिला मदत करणाराही कुणी नाही. कुणीही नाही."

मालकांनी पिंजऱ्यात किती जागा उरली आहे ते पाहिलं.

"मनापासून," ते म्हणाले.

सीताराम कचेरीतून सुटला तो धावतच निघाला, पण नदीशी येताच थबकला आणि ऊन कलेपर्यंत काठावरच्या झाडीत बसून राहिला. हातात नारळ नव्हता. शेवटी तो पलीकडे पोचला, तोवर बलराम येऊन गेला होता. देवीपुढं घंटा टांगलेली होती आणि पुष्पावती ती चिंचेनं घासत होती. काठावर घोड्याच्या दाताचा ओरखडा होता.

"आई," सीताराम म्हणाला, "चौकीची पायरी चढलो मी. पिंजऱ्यात उभा राहिलो."

"कळलं." तिनं मान वर केली नाही. "का उभा राहिलास?"

"ओझ्याला हात लावला म्हणून."

"मग कशाला रडतोस मेल्या? ओझ्याला हात न लावणारा जावई मी काय चुलीत घालू?" तिनं घंटेवर पाणी ओतलं. "येत्या पुनवेला लगीन. चंद्रिका, ह्याला गूळपाणी दे."

दारामागून चंद्रिका गूळपाणी घेऊन आली. ती दारामागं असल्याचं बांगड्यांनी आधीच सांगून टाकलं होतं.

पुष्पावती उठली आणि कोपऱ्यातल्या झाकलेल्या टोपलीशी वाकली. "पोरा, जरा हात लाव."

सीतारामानं टोपलीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. विचारायला तोंड उघडलं, मिटलं, आणि हात लावला.

घंटा रविवारी वाजत नाही, तेव्हा रविवारीच उतरव, आणि वर वाढं बांध, हे बलरामाला शुक्रवारी पुष्पावतीनं सांगितलं होतं.