तूरॅकचा ट्रॅक्टर

सासऱ्यांची एक बारीकशी चूक दुरुस्त करायची नाही, एवढंच मी ठरवलं होतं. एवढ्यावरून माणूस चिखलात जातो हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

त्याचं असं झालं. मी नवी गाडी घेतली. उंच, रुंद, चारही चाकांनी ओढणारी, जाहिरातीत वाळवंट तुडवत जाणारी. आमच्या मेलबर्नमध्ये असल्या गाड्या शाळेपुढच्या फुटपाथवर एक चाक चढवण्यापलीकडे काही चढत नाहीत. म्हणून लोक त्यांना श्रीमंत वस्तीच्या नावानं 'तूरॅकचा ट्रॅक्टर' म्हणून हिणवतात. (आम्ही तूरॅकमध्ये राहत नाही. वरच्या खिडकीत टाचा उंच केल्या की तिथली झाडं दिसतात, इतकंच.)

रविवारी माझी बायको लिओनी फोनवर वडिलांना हसत म्हणाली, "बाबा, नेव्हिलनं तूरॅकचा ट्रॅक्टर घेतलाय!"

आमचे सासरे क्लॅरी नॉस्के. जन्मभर गव्हाच्या शेतात इंजिन ऐकून त्यांचा कान कामातून गेलेला. त्यांच्यापर्यंत पोचलं ते एवढंच, की ट्रॅक्टर घेतलाय. त्यांनी मला फोनवर बोलावलं.

"किती हॉर्सपॉवरचा?"

मी खरा आकडा सांगितला.

"शाब्बास रे! मला वाटलं होतं, तू नुसताच बँकेतला आहेस."

मला माझे वडील आठवत नाहीत. लग्नाच्या दिवसापासून या माणसाच्या तोंडून एक बरा शब्द यावा म्हणून मी झुरत होतो. (अजूनही मी त्यांना 'मिस्टर नॉस्के' म्हणतो, कारण दुसरं काही म्हण असं ते कधी बोललेच नाहीत.) एकोणीस वर्षांनी मिळालेली शाब्बासकी कोण परत करतो? मी मूग गिळून बसलो.

शनिवारी सासरे ट्रेननं हजर. खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी शेत विकलं, ट्रॅक्टर विकला आणि स्वान हिल गावात दोन खोल्यांत राहायला गेले. तेव्हापासून झोपेत गिअर बदलतात, असं लिओनी सांगते. आज मात्र पायात जुने शेतातले बूट आणि हातात ट्रॅक्टरला वंगण भरायची, वर्तमानपत्रात गुंडाळलेली ग्रीसगन होती.

त्यांनी कागद सोडून ग्रीसगन बाहेर काढली आणि गाडीला एक फेरी मारली.

"ट्रॅक्टर कुठाय?"

"हाच," मी म्हणालो.

"नांगर कुठं जोडतात?"

"सीट गरम होते याची," मी म्हणालो. (दुसरं काही सुचलंच नाही.)

"बाबा, इथं याला गमतीनं ट्रॅक्टर म्हणतात हो," लिओनी हळूच म्हणाली.

सासरे पायरीवर बसले आणि ग्रीसगन पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळू लागले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांचा चेहरा मला बघवेना.

"मिस्टर नॉस्के, बसा तर खरं. ही काय करते ते दाखवतो!" मी म्हणालो.

हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आठवडाभर पाऊस पडलेला होता. मी दोघांना घेऊन कोपऱ्यावरच्या फुटबॉल क्लबाच्या मैदानाकडे वळलो आणि कुंपणामागच्या चिखलात ऐटीत गाडी घातली. ती ऐटीतच खाली गेली.

मी जोर लावला, गाडी आणखी खाली.

"ते चित्रांचं बटण फिरव ना," लिओनी म्हणाली.

"एसीचं? आत्ता?"

आवाज ऐकून मैदानाची देखभाल करणाऱ्या टूलाबाई आपला छोटा नारिंगी ट्रॅक्टर घेऊन आल्या. "या मोसमातले तुम्ही चौथे," त्या म्हणाल्या. "सगळे तूरॅककडचेच."

सासरे केव्हाच खाली उतरले होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "बाई, मी ओढू का?"

टूलाबाईंनी त्यांच्या बुटांकडे पाहिलं आणि मुकाट्यानं उतरून जागा दिली. सासरे चढले. खुबा कुठं गेला कुणास ठाऊक! दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ते थोडा वेळ नुसते बसून राहिले. लिओनीनं माझा हात घट्ट धरला. ती रडत होती आणि खरं सांगायचं तर मीही.

मग साखळी ताणली गेली आणि माझी अवाढव्य गाडी त्या एवढ्याशा ट्रॅक्टरमागून निमूट बाहेर आली. सासऱ्यांनी मैदानाला उगाचच आणखी दोन चकरा मारल्या. उतरले ते माझ्या खांद्यावर हात टाकूनच.

"नेव्हिल," ते म्हणाले, "बाकीचं जाऊ दे. पण तू रुततोस मात्र झकास."

त्या रात्री मला आनंदानं झोप लागली नाही.

पुढच्या महिन्यात धो धो पाऊस पडल्याची बातमी बघून सासरे न बोलावता आले. टूलाबाईंना मी आधीच सांगून ठेवलं होतं, रुतणार मी आणि ओढणार सासरे. सासरे ट्रॅक्टरवर बसले, साखळी तयार, इंजिन चालू. मी मैदानातला सगळ्यात खोल चिखल शोधला, देवाचं नाव घेतलं आणि गाडी आत घातली.

आणि ती पलीकडे निघाली! जाहिरातीतल्यासारखी, चिखल उडवत, कुठंही न अडखळता. मी घाबरून वळवली, पुन्हा घातली. पुन्हा पार.

"ते चित्रांचं बटण मीच चिखलाच्या चित्रावर फिरवून ठेवलंय," लिओनी शेजारून प्रेमानं म्हणाली. "म्हटलं, बाबांसमोर पुन्हा तुझी फजिती नको."

मी काच खाली केली. सासऱ्यांनी इंजिन बंद केलं, साखळी गुंडाळून मांडीवर घेतली आणि टूलाबाईंना म्हणाले,

"बघितलंत ना? एक काम धड जमेल तर शपथ."