छगनआबांचा भोंगा

आमचे शेजारी छगनआबा उसाच्या कडेने जाताना मोठ्याने स्वतःचं नाव सांगत जातात. "मी छगन पाटील, कळसाडीना. घर जाई ऱ्हायनू." माणूस ओळखण्यात बिबट्याचा घोळ होऊ नये, एवढाच हेतू.

भीती एकट्या आबांनाच आहे असं नाही. यंदा ऊस डोक्यावर गेला आणि गावातली वासरं जाऊ लागली. तिन्हीसांजेला सगळ्यांची दारं बंद. पण आम्ही गुपचूप भितो. आबांनी भीतीचं यंत्रच केलं.

जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. अंगणाभोवती केसासारखी तांब्याची तार ओढली, ओट्यावर बॅटरी, भोंगा आणि हरभऱ्याएवढा ट्रान्झिस्टर. तो तळहातावर घेऊन मला शिकवायचे, "यामा तीन थर शेतस. एमिटर, तठे दाट गर्दी. कलेक्टर, मोठं खळं. मधमा बेस, कांदाना पापुद्रा." तार शाबूत तोवर बेसकडचा चिमूटभर करंट तारेतूनच निघून जायचा आणि वाट बंद राहायची. तार तुटली की तो बेसमध्ये शिरायचा. मग एमिटरमधली इलेक्ट्रॉनची गर्दी त्या पातळ पापुद्र्यात न थांबता थेट कलेक्टरकडे धावायची, आणि भोंगा बोंबलायचा.

"बेसले जरासं भेव लागनं का सारं गाव पळस," आबा म्हणायचे.

"म्हणजे बेस तुम्हीच की, आबा." माझी जीभ तशी तिखटच.

तार शेळीने तोडली, कुत्र्याने तोडली, एकदा माझ्या सासूबाईंनी तोडली. पुढे भोंगा वाजला तरी कोणी उठेना.

परवा दिवस मावळताना तो वाजला. मी भाकरी थापत होते, हसलेसुद्धा. मग लक्षात आलं, आवाज अंगणातून नाही, गाडवाटेकडून येतोय. क्लासहून माझी लेक अवनी त्याच वाटेने येते. पिठाच्या हातांनीच मी धावले.

अवनी वाटेतच भेटली, धापा टाकत. "आबांनी 'पळ' म्हणून सांगितलं." तिला घराकडे पिटाळून मी पुढे गेले.

आबांनी अंगणातली तार काढून भोंग्यासकट उसाच्या बांधाला लावली होती, पोरगी येते तेवढ्याच वाटेला. तार तुटून लोंबत होती. उसाकडे तोंड करून आबा थाळी बडवत उभे होते. वारा नव्हता, तरी समोरचा ऊस हलत होता.

"पोर घर गयी का?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"गेली."

"मंग तू बी जाय. माले भेव वाटी ऱ्हायनं."

मला रडू आलं. मी त्यांचा दंड धरला, सदरा घामाने भिजलेला होता. उसाकडे तोंड ठेवूनच आम्ही दोघं मागे सरकू लागलो. भोंगा वाजत होता, आणि गावातून अजून कोणीच आलं नव्हतं.